मशीन बंद होती

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विचारलं, तू कशावर बोलशील? मी म्हटलं, माझ्या धंद्यावर बोलतो. ते म्हणाले, बोल, पण पंधरा मिनिटांत आटप, मागे जेवणाच्या पंगती थांबल्या आहेत. तेव्हा आठवणींचा भाग मी पटकन उरकतो. सालबर्डीच्या सहलीत कोणाची चप्पल नदीत वाहून गेली, सिंभोऱ्याच्या धरणावर कोण रडलं, हे सकाळपासून चार जणांनी सांगून झालं आहे. त्यात माझंही नाव येऊन गेलं, ते बरोबरच आहे.

मी १९८९ च्या दहावीचा. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, अकरा वर्षं पिंपरी-चिंचवडला पॅनेल बनवायच्या कारखान्यात होतो, आणि आता अमरावतीला माझं लहानसं वर्कशॉप आहे. पॅनेल, स्टार्टर, कंट्रोलर, हीटर, जे बिघडेल ते दुरुस्त करतो. आज ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकायला रुक्ष आहे: ट्रान्सफॉर्मरवर चालणारी तापणारी पट्टी इलेक्ट्रॉनिक स्विचने सुरक्षित कशी चालू-बंद करायची. पण हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. या सभागृहात एका जणीची मला जाहीर माफी मागायची आहे, आणि ती माफी हा विषय समजल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिने बजावलं आहे की नाव घ्यायचं नाही, म्हणून मी तिला ताईच म्हणतो. ताईंचा बचत गट आहे. तिखट, हळद, शेवया, धनेपूड असं ते पॅक करतात. २०१६ साली त्यांच्याकडे पाकिटं सील करायची पायडलची मशीन होती, दोन फुटी. तुम्ही सगळ्यांनी किराणा दुकानात पाहिली असेल. दोन दांड्यांच्या मध्ये पाकिटाचं तोंड धरायचं, पायडल दाबायचं, लाल दिवा लागतो, सेकंदभरात प्लॅस्टिक चिकटतं.

त्या दांडीवर टेफ्लॉनच्या कापडाखाली नायक्रोमची पातळ पट्टी असते. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तिथपासून जगातल्या शेगड्या, इस्त्र्या, टोस्टर त्याच्यावर तापत आहेत. लालबुंद झाला तरी तो लवकर जळत नाही. ही पट्टी थेट २३० व्होल्टवर लावता येत नाही, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर. व्होल्ट कमी करायचे, करंट वाढवायचा. आपल्या गावच्या डीपीतही तेच चालतं, फक्त इथे सगळं मांडीवर मावेल एवढं.

आकडे सांगतो, कारण पुढे लागतील. ताईंच्या मशीनमध्ये पट्टीला ३० व्होल्ट मिळत होते आणि पट्टीतून सुमारे २३ अँपिअर वाहत होते. म्हणजे जवळजवळ ७०० वॉट. पण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या बाजूला, भिंतीकडच्या बाजूला, तेवढ्याच कामाला फक्त ३ अँपिअर लागत होते.

मशीनमध्ये ही वीज चालू-बंद करायला साधा रिले होता. रिले म्हणजे चुंबकाने ओढलेली टिकली. दिवसाला दोन हजार पाकिटं, म्हणजे ती टिकली दिवसाला दोन हजार वेळा ठिणगी खाणार. सहा महिन्यांत टिकल्या चिकटू लागल्या. ताईंनी मला बोलावलं. मी पिंपरीत शिकून आलेला माणूस, मला वाटलं आपल्याला तर लय कळतं. मी म्हटलं, ताई, रिलेचा जमाना गेला, सॉलिड स्टेट लावून देतो. यात टिकली नाही, ठिणगी नाही, आवाज नाही. आयुष्यभर पाहू नका.

सॉलिड स्टेट रिले, ज्याला आम्ही कारागीर एसएसआर म्हणतो, त्याच्या पोटात थायरिस्टर असतात. सिलिकॉनची चकती, तिला बारीकसा इशारा दिला की ती वीज जाऊ देते. अमेरिकेत १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी ती बनवली. अशा दोन चकत्या उलटसुलट जोडल्या की येणारी-जाणारी दोन्ही लाट हाताळता येते. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे झीज नाही. हे सगळं खरं आहे. मी ताईंना खोटं काही सांगितलं नव्हतं. जे सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नव्हतं, कारण मीच त्याचा विचार केला नव्हता.

पहिला प्रश्न होता, हा एसएसआर ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे लावायचा की पलीकडे? तिथे मी चुकलो नाही. थायरिस्टर चालू असताना त्याच्यावर साधारण सव्वा व्होल्ट खर्च होतात आणि तेवढी उष्णता त्याच्या पोटात तयार होते. पलीकडे लावला असता तर २३ अँपिअर गुणिले सव्वा, म्हणजे २८ वॉटच्या वर. भरल्या सोल्डरिंग आयर्नएवढं तापलं असतं. अलीकडे ३ अँपिअर, म्हणजे ४ वॉटच्या आत. म्हणून अलीकडे.

आठवड्याभरात ताईंचा फोन. मधूनच पायडल दाबलं की ट्रान्सफॉर्मर "घुंग" करतो आणि फ्यूज जातो. रोज नाही. दहा वेळा बरं चालतं, अकराव्यांदा फ्यूज. ही गोष्ट मला कळायला फार उशीर लागला, म्हणून तुम्हाला सोपी करून सांगतो.

बहुतेक एसएसआर असे बनवलेले असतात की विजेची लाट शून्यावर असेल तेव्हाच ते चालू होतात. साध्या शेगडीसाठी हे उत्तम, कारण ठिणगीही नाही आणि रेडिओत खरखरही नाही. पण ट्रान्सफॉर्मरसाठी नेमकं हेच वाईट. कसं, ते पाहा. समजा एक खोली आहे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा पावलं. नेहमी फिरणारा माणूस एका भिंतीपासून निघतो, दहा पावलं टाकतो, दुसऱ्या भिंतीपाशी पोचतो, वळतो, परत दहा पावलं. भिंतीला कधी धडकत नाही. आता तुम्हाला कोणी उचलून खोलीच्या मधोमध ठेवलं आणि म्हटलं, टाका दहा पावलं. सहाव्या पावलाला नाक भिंतीवर.

ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यातलं चुंबकत्व असंच फिरतं. विजेची अर्धी लाट त्याला दहा पावलं ढकलते. चालू ट्रान्सफॉर्मर भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरत असतो. बंद असलेला साधारण मधोमध उभा असतो. त्याला शून्यापासून पूर्ण अर्धी लाट दिली की चुंबकत्व भिंतीवर आदळतं, पत्रा आणखी चुंबकत्व घेऊच शकत नाही, आणि तारेतून नेहमीच्या दहा-वीस पट करंट क्षणभर उसळतो. तोच "घुंग". आणि मागच्या वेळी बंद करताना चुंबकत्व कुठे अडकून राहिलं, भिंतीजवळ की लांब, त्यावर यावेळचा धक्का लहान की मोठा ते ठरतं. म्हणून अकराव्यांदा.

यावर उपाय आहे, आणि तो उलटा वाटतो: लाट शून्यावर असताना नाही, टोकावर असताना चालू करायचं. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते. शून्यापासून ५ मिलिसेकंद थांबलं की लाट टोकावर येते. तिथे चालू केलं तर त्या अर्ध्या लाटेत पाचच पावलं उरलेली असतात, आणि मधोमध उभा असलेला माणूस बरोबर भिंतीपाशी जाऊन थांबतो. त्यासाठी हवा त्या क्षणी चालू होणारा एसएसआर लागतो. तो बाजारात मिळतो, फक्त मागताना सांगावं लागतं. आणि द्यायच्या त्या फेऱ्या पूर्ण द्यायच्या, अर्ध्या नाही. नुसती एकाच बाजूची अर्धी लाट जात राहिली तर माणूस एकाच भिंतीवर डोकं आपटत राहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. एसएसआरच्या दोन चकत्यांपैकी एक मेली की हेच होतं.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मी काय केलं? मी ५ अँपिअरचा फ्यूज काढून १५ अँपिअरचा टाकला. शेतातल्या मोटरचा फ्यूज जातो म्हणून आपण जाड तार गुंडाळतो ना, तेच. आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि हातात जाड तार. आवाज राहिला, पण फ्यूज जाणं थांबलं. ताई खूश, मी खूश.

दुसरी चूक. एसएसआरवर २५ अँपिअर छापलेलं होतं, मला लागत होते तीन. मी म्हटलं, याला हीटसिंक कशाला? बंद पेटीत ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर दोन स्क्रू मारून बसवला. पण ते २५ अँपिअर मोठ्या हीटसिंकवर, मधे पेस्ट लावून, थंड हवेत मिळणारे आकडे असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ च्या वर पारा जातो. टिनाच्या खोलीत, बंद पेटीत, गरम ट्रान्सफॉर्मरला खेटून काय तापमान असेल याचा हिशोब तुम्हीच करा. तिथे उघड्या अंगाने बसलेल्या त्या तुकड्याला पाचवा हिस्सासुद्धा झेपेल याचा भरवसा नाही.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. मशीनवर मी एक छान लाल बटण दिलं होतं. ते दाबलं की दिवा विझतो, मशीन बंद. पण ते बटण एसएसआरला मिळणारा इशारा तोडत होतं, मेन लाइन तोडत नव्हतं. लाइन एसएसआरच्या दारात चोवीस तास उभीच होती. मध्ये दुसरा कोणी राखणदार नव्हता. सगळं घर एका कडीवर.

एकदा ताईंनी विचारलंही होतं, "भाऊ, बटण बंद केल्यावरबी टेस्टर पेटते, कावून?" मी हसून उत्तर दिलं होतं की एसएसआर बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात, घाबरू नका. उत्तर बरोबर होतं. पण ज्या स्विचमधून बंद असतानाही झिरपतं, तो स्विच म्हणजे "बंद" नव्हे, हे त्या प्रश्नातच होतं. ताईंना दिसलं, मला दिसलं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं, लाइन गेली. ताईंनी लाल बटण बंद केलं, पाकिटांचे गठ्ठे मशीनच्या टेबलावर ठेवले, सगळ्या घरी गेल्या. रात्री साडेनऊला लाइन आली. ती कशी येते तुम्हाला माहीत आहे. आधी दोन-तीन झटके, मग एकदम भरून. रात्री शेतातल्या मोटरी बंद असल्या की २६० पर्यंतही चढते. मे महिनाभर भाजलेला, रोज दोन हजार "घुंग" खाल्लेला तो एसएसआर त्या झटक्यात मेला.

राजेहो, आता जे सांगतो ते लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. बल्ब मरतो तेव्हा बंद होतो. एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू राहतो. त्याच्या पोटातली चकती वितळून सरळ तार होते.

पट्टीला वीज सुरू झाली. पायडल दाबलेलं नाही, दिवा लागलेला नाही, बटण बंद. सेकंदभरासाठी बनवलेली पट्टी सतत चालू. वर व्होल्टेज जास्त. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, २३० चे २६० झाले की सव्वापटीहून जास्त. टेफ्लॉन जळालं, त्याचा विषारी धूर झाला, शेजारच्या पाकिटांनी पेट घेतला.

मग फ्यूज का गेला नाही? मी जाड टाकला होता म्हणून? नाही. पाच अँपिअरचा असता तरी गेला नसता. पट्टी नेहमीचेच तीन-साडेतीन अँपिअर घेत होती. करंट बरोबर होता, वेळ चुकली होती. फ्यूजला करंट कळतो, वेळ कळत नाही. घरी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो, त्यालाही कळलं नसतं, कारण जमिनीकडे गळती नव्हतीच. ते दोघं आपापल्या जागी पाहिजेतच. पण ही आग त्यांच्या डोळ्यांना दिसणारी नव्हती.

ताईंची मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ओसरीत झोपायच्या तयारीत होती. वास आला म्हणून आत गेली. पेटलेल्या गठ्ठ्याखालून चांगली पाकिटं वाचवायला तिने हात घातला. वितळलेलं प्लॅस्टिक तळहाताला चिकटलं. ताईंनी धावत येऊन पिन ओढली, गोधडी टाकून आग विझवली. घर वाचलं. पोरीचा उजवा हात तीन आठवडे पट्टीत होता.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. आणि दारातच काय म्हणालो? म्हटलं, "ताई, बटण चालू राह्यलं असंन तुमच्याकून." ताई म्हणाल्या, "भाऊ, मशीन बंद होती." मी म्हटलं, "बंद मशीन जळत नसते ताई." मुलगी खाटेवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "काका, मीच केलतं बंद. आईने सांगतलं, मी बटण दाबलं, लाइट विझला." मी तिच्याकडे पाहून मान हलवली, लहान पोरीकडे पाहून मोठी माणसं हलवतात तशी.

पेटी उघडली. एसएसआरवर मीटर लावला. शून्य ओहम. उलटा लावला, शून्य ओहम. मला त्या क्षणी कळलं. आणि मी काय सांगितलं? सांगितलं, पार्ट हलका निघाला, माल खराब येतो आजकाल. नवीन फुकट बसवून दिला. पोरीने बटण बंद केलं होतं, हे मी बोललो नाही. त्या घरात नंतर कितीतरी दिवस शेजारीपाजारी म्हणत राहिले, पोरीने मशीन चालू ठेवली होती. तेही मला माहीत होतं.

आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत नसेल. आठवीत तुम्ही नायक्रोमचं वेटोळं पाण्यात बुडवून पाणी तापवायचा प्रयोग करायचात. वेटोळ्याला हात लावायच्या आधी पिन काढून ती हातात धरून दाखवायचा नियम होता. मी एकदा नुसतं बटण बंद करून हात घातला. तुम्ही मारलं नाही. पुढचा पूर्ण तास पिन हातात धरून मला फळ्याशी उभं केलं. सगळा वर्ग हसत होता. तुम्ही म्हणालात, बटण बंद म्हणजे आपण सांगितलं, पिन हातात म्हणजे झालं. मी ते पाठ केलं होतं. आणि जवळजवळ तीस वर्षांनी एका पोरीच्या हाताशी आल्यावर विसरलो होतो.

त्यानंतर मी ती मशीन पुन्हा बनवली, आणि तेव्हापासून तापणारं काहीही बनवतो ते असंच. थोडक्यात सांगतो, आपल्यात बरेच जण बचत गटवाले, पोल्ट्रीवाले, बेकरीवाले आहेत.

एक. एसएसआर कामासाठी, राखणीसाठी नाही. त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर, जो दोन्ही तारा खरोखर तोडतो. लाल बटण त्या कॉन्टॅक्टरचं. बटण दाबलं की टिकल्या डोळ्यांना दिसतील एवढ्या लांब होतात. दिवसातून दोन-चार वेळाच चालतो, म्हणून त्याच्या टिकल्या जळत नाहीत. रोजची दोन हजारांची मेहनत एसएसआरने करावी, दाराची कडी याने लावावी.

दोन. लाइन गेली की कॉन्टॅक्टर पडला पाहिजे आणि लाइन आल्यावर आपोआप उठता कामा नये. तुमच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये हीच सोय असते. आपणच तिला "ऑटो" लावून बाद करतो, रात्री बाराला थ्री फेज आली की शेतात जावं लागू नये म्हणून. पाण्याच्या मोटरचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण तापणाऱ्या वस्तूला ऑटो कधीच नाही. माणूस समोर येऊन हिरवं बटण दाबेल, तेव्हाच चालू.

तीन. तापणाऱ्या दांडीवरच एक थर्मल कटआउट. दोन धातूंची वाकणारी चकती, ठरलेल्या तापमानाला टक्कन तुटते. हाताने दाबल्याशिवाय परत जोडली न जाणारी घ्या. तिच्या तारा कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये जोडायच्या, कंट्रोलरमध्ये नाही. कंट्रोलर वेडा झाला, एसएसआर मेला, तरी तिला कोणाला विचारावं लागत नाही. याच रांगेत मी एक टायमरही बसवतो. वीज तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग गेली की कॉन्टॅक्टर पाडायचा. फ्यूजला जी वेळ कळत नाही, ती याला कळते.

चार. एसएसआरला हीटसिंक, पेस्ट, हवा. आडव्या पत्र्यावर नाही, उभ्या पाख्यांवर, आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब. त्याच्या दोन टोकांवर सर्ज खाणारा व्हॅरिस्टर. लाइनच्या झटक्यात तो आधी मार खातो.

पाच. ट्रान्सफॉर्मरला टोकावर चालू होणारा, पूर्ण फेऱ्या देणारा एसएसआर, आणि मोजून घेतलेला सावकाश जाणारा फ्यूज. एक चकती मेली तर त्या फ्यूजने जायलाच हवं. जाड तार नाही. हे मी तुम्हाला सांगतो आहे, म्हणजे मी स्वतःला सांगतो आहे.

सहा. मशीनच्या पत्र्याला, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला अर्थिंग. तीस व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण बिनधास्त असतो. पण तीस व्होल्ट माणसाला मारत नसले तरी भाजतात. आणि ट्रान्सफॉर्मर आतून फुटला तर तेच तीस व्होल्ट २३० होतात.

यातली कडी, कटआउट, टायमर, सगळं मिळून जो खर्च आला तो मुलीच्या हाताच्या मलमपट्टीपेक्षा कमी होता. हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबलो.

जोडून दिल्यावर मी ताईंच्या घरी मुद्दाम एसएसआरची दोन टोकं तारेने जोडून टाकली. म्हणजे तो मेला असं सोंग. बघू या काय होतं. पट्टी तापायला लागली, तीन सेकंदांत "खट्ट" झालं, दिवा गेला. मग टायमर काढून ठेवला आणि पुन्हा तेच केलं. दांडी तापली, कटआउट तुटला, पुन्हा "खट्ट". त्या मुलीने तो खेळ चार वेळा करायला लावला. मग म्हणाली, "काका, म्हणजे आता हे मेलं तरी बंदच होईल?" मी म्हटलं, हो. मला आमच्या धंद्याची याहून चांगली व्याख्या आजपर्यंत सुचली नाही.

पण तेव्हाही मी तिला खरं काय ते सांगितलं नाही.

परवा या भाषणासाठी मी ताईंकडे गेलो. म्हटलं, ही गोष्ट सांगू का? ताई म्हणाल्या, पोरीला विचारा. ती आता मोठी झाली आहे. तिने तळहात उघडून दाखवला. अंगठ्याखाली गुळगुळीत डाग आहे, ऊन लागलं की लाल होतो. मी तिला सगळं सांगितलं: शून्य ओहम, जाड फ्यूज, लाल बटण. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगा काका. फक्त एवढं नक्की सांगा की मशीन बंद होती."

तर सर, ताई, आणि माझ्या सगळ्या मित्रांनो, या व्यासपीठावरून सांगतो. त्या रात्री मशीन बंद होती. पोरीने बटण दाबलं होतं. बंद करणं तिचं काम होतं, ते तिने केलं. बंद म्हणजे बंद होईल हे पाहणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी एक लाकडी बोर्ड बनवून आणला आहे. त्यावर छोटा ट्रान्सफॉर्मर, नायक्रोमची तार, एसएसआर, कॉन्टॅक्टर, कटआउट, सगळं उघडं, काचेखाली. एक बटण असं आहे की ते एसएसआरला मारून दाखवतं. मुलांनी दाबावं, आणि कडी कशी लागते ते पाहावं. बोर्डाची पिन मी मुद्दाम लांब वायरची ठेवली आहे, म्हणजे हात लावणाऱ्याला ती हातात धरून उभं राहता येईल.

पंगती थांबल्या आहेत. मी थांबतो.